पुरलेल्या वायूचा कानोसा

कार्बन डायऑक्साइड जमिनीखाली कोंडता येतो, हे तेलक्षेत्रातल्या मंडळींना निदान १९७२ पासून ठाऊक आहे. त्या वर्षी टेक्ससमध्ये जुन्या विहिरींतून हा वायू खाली दाबून खडकात अडकलेले तेल वर ढकलण्याचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. अवघड प्रश्न त्यापुढचा आहे. दीड-दोन किलोमीटर खोल गेलेला वायू नेमका कुठवर पसरला आणि जिथे ठेवला तिथेच राहिला का, हे वर बसून कसे सांगायचे? या प्रश्नाचे आजवरचे सर्वांत भरवशाचे उत्तर भूकंपीय सर्वेक्षणातून मिळाले आहे. पाण्यात किंवा जमिनीवर लहानसा हादरा निर्माण करायचा, थराथरांवरून परतणाऱ्या लहरी टिपायच्या, काही वर्षांनी त्याच जागी तोच प्रयोग पुन्हा करायचा आणि दोन नोंदींची वजाबाकी करायची, अशी ही रीत आहे.

वायू पुरण्याच्या कामी येण्याआधी ही विद्या तेल शोधण्याच्या कामी आली, आणि त्या रूपात ती महाराष्ट्राच्या किनाऱ्याला फार जुनी ओळखीची आहे. मोरा हे उरणचे बंदर. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून लाँच सुटते ती मोऱ्याला लागते; ओहोटीला गाळ उघडा पडला की फेऱ्या थांबतात आणि प्रवासी खोळंबतात. बंदर म्हणून मोऱ्याचा दिमाख असा बेताचाच. पण याच उरणच्या किनाऱ्यावर १९७८ साली मुंबईसमोरच्या समुद्रातल्या बॉम्बे हाय क्षेत्राचे तेल आणि वायू समुद्रतळावरून टाकलेल्या सुमारे २०० किलोमीटर लांबीच्या नळांतून जमिनीवर आले, आणि त्या तेलाचा माग लागला होता तो परतलेल्या लहरींवरूनच.

तेल आणि नैसर्गिक वायू आयोगाची स्थापना १९५६ ची. १९६४ ते १९६७ या काळात 'अकादेमिक आर्खांगेल्स्की' या सोव्हिएत जहाजावरून रशियन आणि भारतीय भूभौतिकतज्ज्ञांनी खंबातच्या आखाताचा आणि त्यालगतच्या समुद्राचा धांडोळा घेतला. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रतळाखालचे थर घुमटासारखे वर उचललेले दिसले; तेच पुढचे बॉम्बे हाय. नकाशा हाती आला, पण तिथे भोक पाडायला यंत्र नव्हते. जपानमध्ये बांधलेला 'सागर सम्राट' हा फिरता ड्रिलिंग फलाट १९७३ मध्ये मिळाला, ३१ जानेवारी १९७४ रोजी पहिल्या विहिरीचे खोदकाम सुरू झाले आणि फेब्रुवारीत तेल लागले. २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झाले. तेल होते मुख्यतः चुनखडकाच्या एका थरात, समुद्रतळाखाली सव्वा-दीड किलोमीटरच्या आसपास. लहरींनी तेल दाखवले नव्हते. तेल साचू शकेल असा आकार दाखवला होता. सर्वेक्षणाची त्या काळची मजल तेवढीच होती. खडकाच्या छिद्रांत पाणी आहे, तेल आहे की वायू, हे ओळखण्याची ताकद त्यात पुढच्या दोन दशकांत आली.

उरणच्या प्रकल्पात आलेल्या वायूवर ज्या प्रक्रिया होतात, त्यांतली एक वायू 'गोड' करण्याची, म्हणजे त्यातले हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन डायऑक्साइड वेगळे काढण्याची. नैसर्गिक वायूच्या धंद्यात हे काम सगळीकडेच करावे लागते, आणि वेगळा काढलेला कार्बन डायऑक्साइड धुराड्यातून हवेत सोडून देणे ही जगभरची रीत होती. ती रीत मोडली नॉर्वेने, आणि मोडण्यामागे हवामानाच्या काळजीइतकाच कराचा हिशेबही होता.

उत्तर समुद्रातल्या स्लायप्नर क्षेत्रातल्या वायूत सुमारे ९ टक्के कार्बन डायऑक्साइड होता. विकण्यासाठी तो अडीच टक्क्यांवर आणणे भाग होते. नॉर्वेने १९९१ मध्ये समुद्रातल्या तेल-वायू उद्योगावर कार्बन कर बसवला होता. वेगळा काढलेला वायू हवेत सोडला असता तर दर टनामागे पैसे मोजावे लागले असते. म्हणून स्टॅटऑइल कंपनीने सप्टेंबर १९९६ पासून तो उत्सिरा नावाच्या वाळूच्या थरात, समुद्रसपाटीपासून सुमारे एक किलोमीटर खोल, दाबायला सुरुवात केली. वर्षाला साधारण १० लाख टन हा त्याचा वेग होता. वाळूचा थर दोन-अडीचशे मीटर जाड, मिठाच्या पाण्याने भरलेला, आणि वर शेलचे, म्हणजे चिकणमातीच्या घट्ट खडकाचे, जाड झाकण. खोली महत्त्वाची असते, कारण ३१ अंश सेल्सियस तापमान आणि ७४ वातावरणांच्या आसपासचा दाब ओलांडला की कार्बन डायऑक्साइड द्रवासारखा दाट होतो आणि थोड्या जागेत पुष्कळ मावतो. जमिनीखाली सुमारे ८०० मीटरच्या पुढे ही स्थिती येते.

स्लायप्नरचे सुदैव असे की, १९९४ मध्ये खालच्या वायूसाठ्यांसाठी म्हणून त्या भागाचे त्रिमितीय सर्वेक्षण आधीच झालेले होते. वायू पुरण्याशी त्याचा संबंध नव्हता, पण पाया म्हणून तेच उपयोगी पडले. १९९९ मध्ये जहाज परत गेले, तोवर सुमारे २३ लाख टन वायू खाली गेला होता.

अशा जहाजाचे काम पाहणाऱ्याला कंटाळवाणे वाटावे असे असते. ताशी आठ-नऊ किलोमीटरच्या चालीने ते सरळ रेषेत जाते. मागे कित्येक किलोमीटर लांबीच्या केबल पाण्याखाली ओढल्या जातात; त्यांना स्ट्रीमर म्हणतात. त्यांत ठरावीक अंतरावर हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातला आवाज टिपणारे मापक, बसवलेले असतात. जहाजाच्या लगेच मागे एअरगनचा ताफा असतो. दर काही सेकंदांनी त्यातून दाबलेली हवा एकदम सुटते, पाण्यात धप्प असा आवाज होतो, लहर खाली जाते आणि प्रत्येक थराच्या सीमेवरून तिचा थोडा थोडा अंश परततो. एक किलोमीटर खोलवरून परत यायला लहरीला साधारण एक सेकंद लागतो. रेषा संपली की जहाज वळते आणि शेजारची रेषा धरते. आठवडेच्या आठवडे हेच चालते. पण दुसऱ्या वेळेस पहिल्याच रेषांवरून जाणे हे खरे कसब. भरती-ओहोटीने पाण्याची खोली बदलते, तापमानाने पाण्यातला ध्वनिवेग बदलतो, प्रवाहाने स्ट्रीमर बाजूला वाहवतात, आणि पाच वर्षांत उपकरणेही बदललेली असतात. या सगळ्यामुळे दोन नोंदींत जो फरक पडतो तो खडकातला नसतोच. त्यामुळे वजाबाकी करण्याआधी वायू जिथे पोचलेलाच नाही अशा थरांच्या खुणा दोन्ही नोंदींत जुळवून घेतात. त्या जुळल्या तरच उरलेल्या फरकावर विसंबता येते.

१९९९ च्या वजाबाकीत जे दिसले त्याने या क्षेत्रातली सगळी चर्चा बदलली. उत्सिरा वाळूच्या जागी १९९४ मध्ये जवळजवळ काहीच नव्हते. आता तिथे एकावर एक अशा नऊ झगझगीत रेघा उमटल्या होत्या. वाळूच्या आत शेलचे पातळ पडदे होते. जेमतेम मीटरभर जाडीचे हे पडदे आधीच्या नोंदीत दिसलेच नव्हते. वायू वर चढताना प्रत्येक पडद्याखाली पसरत गेला आणि त्याने ते पडदे उजेडात आणले. वर चढताना तो झाकणाशी जाऊन थांबला होता. झाकणाच्या वर फरक नव्हता. हे घडते कशामुळे? मिठाचे पाणी दाबायला कठीण, कार्बन डायऑक्साइड त्या मानाने पुष्कळ मऊ. पाण्याने भरलेल्या उत्सिरा वाळूतून लहर सेकंदाला सुमारे २,०५० मीटर वेगाने जाते. वायू शिरल्यावर तोच वेग दीड हजार मीटरच्याही खाली येतो. वेग असा एकदम बदलला की सीमेवरून परतणारी लहर जोरकस होते. शिवाय वायूतून आरपार जाणाऱ्या लहरीला उशीर होतो, म्हणून त्याखालचे थर नकाशात खाली दबल्यासारखे दिसतात. ते खरोखर दबलेले नसतात, पण हा भासमान दबाव किती आहे यावरून वरच्या वायूच्या साठ्याची जाडी काढता येते. या दोन खुणा एकत्र धरून संशोधकांनी साठ्याचे प्रमाण काढले, तेव्हा दाबलेल्या वायूपैकी सुमारे ८५ टक्क्यांचा हिशेब लागला. उरलेला हिस्सा पळाला असे यातून निघत नाही. पातळ पसरलेला किंवा पाण्यात विरघळलेला वायू या पद्धतीच्या नजरेत भरत नाही. ही मर्यादा पुढे दख्खनच्या संदर्भात कळीची ठरते.

त्यानंतर २००१, २००२, २००४, २००६, २००८ अशी सर्वेक्षणे होत राहिली. सर्वांत वरच्या थरातला वायू झाकणाच्या खालच्या बाजूला असलेल्या उंचवट्याच्या कडेने उत्तरेकडे बोटासारखा पुढे सरकताना वर्षागणिक दिसला. एका जागेची छायाचित्रे वर्षानुवर्षे काढावीत तसा हा संच आहे, आणि जगभरचे संशोधक आपली गणिते त्यावर तासून पाहतात. खरे तर काळाचे परिमाण धरून केलेले असे 'चतुर्मितीय' सर्वेक्षण ही तेलवाल्यांची जुनी युक्ती. टेक्ससमध्ये १९८० च्या दशकाच्या आरंभी जमिनीखालचे जड तेल पेटवून पातळ करण्याचा प्रयोग झाला, तेव्हा आग कुठवर सरकली हे याच रीतीने पाहिले गेले होते.

स्लायप्नर हे सोपे उदाहरण होते, हे पुढच्या प्रकल्पांनी दाखवले. नॉर्वेच्याच स्न्योव्हिट क्षेत्रात २००८ मध्ये तुबोएन या सुमारे २,६०० मीटर खोल वालुकाश्मात वायू दाबायला सुरुवात झाली. विहिरीतला दाब अपेक्षेपेक्षा लवकर चढू लागला. २००९ च्या सर्वेक्षणात विहिरीभोवती फरक दिसला, पण तो वायूचा की वाढलेल्या दाबाचा, हा पेच होता. लहरींवर दोघांचाही परिणाम होतो. बारकाईने पाहता वायू विहिरीजवळच्या अरुंद वाळूपट्ट्यांत अडकला असून दाबाला पसरायला वाट नाही, असा निष्कर्ष निघाला. झाकण फुटण्याची वेळ येऊ न देता २०११ मध्ये वरच्या दुसऱ्या थराकडे वायू वळवण्यात आला. देखरेखीमुळे वेळीच निर्णय झाल्याचे याइतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही.

अल्जीरियातल्या इन सलाह येथे २००४ पासून सुमारे ३८ लाख टन वायू सहाराच्या वाळवंटाखाली जेमतेम २० मीटर जाडीच्या वालुकाश्मात गेला. तिथे पहिला इशारा दिला तो उपग्रहांनी: जमीन वर्षाला काही मिलिमीटर उचलली जात होती, आणि एका विहिरीवर हा फुगवटा दोन समांतर पट्ट्यांत विभागलेला होता. भूकंपीय सर्वेक्षणातही त्याच जागी सरळ रेषेतली खूण मिळाली. खाली भेग उघडली असावी या निष्कर्षावर मंडळी आली आणि २०११ मध्ये वायू दाबणे थांबले.

आता पुन्हा मोऱ्याकडे यायचे तर आधी तिथल्या कातळाकडे पाहावे लागते. मोऱ्यासमोरच्या घारापुरीची लेणी ज्या काळ्या दगडात कोरली आहेत, तोच दख्खनचा बेसॉल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकामागून एक वाहिलेल्या लाव्ह्याचे हे थर आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले आहेत. घाटावर ते जवळजवळ आडवे आहेत. कोकणात उतरल्यावर पश्चिमेकडे कलतात. हा कल जिथे ठळक होतो त्या किनाऱ्यासमांतर पट्ट्याला भूशास्त्रात 'पनवेल फ्लेक्शर' म्हणतात. उरणशेजारच्या पनवेलचे नाव जगभरच्या भूशास्त्रीय नियतकालिकांत जाते ते यामुळे. कललेले थर समुद्राखाली शिरतात, आणि बॉम्बे हायच्या चुनखडकाचा तळही बऱ्याच ठिकाणी या लाव्ह्याचाच आहे. म्हणजे मोऱ्याच्या पायाखालचा कातळ आणि समोरच्या समुद्रातल्या तेलाचा तळ ढोबळमानाने एकाच कुळातले.

वायू पुरण्याच्या दृष्टीने या कातळाला महत्त्व आले ते त्याच्या रसायनामुळे. बेसॉल्टमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह भरपूर असते. पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड या धातूंशी संयोग पावून कार्बोनेट खनिजे बनवतो. वायूचा दगडच होतो. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने एनटीपीसी या वीजकंपनीच्या साथीने दख्खनच्या बेसॉल्टची या कामासाठीची पात्रता तपासण्याचे काम हाती घेतले, त्याची चर्चा २००७ च्या हैदराबादच्या कार्यशाळेत झाली. पुढे आयआयटी मुंबईचे विक्रम विशाल आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये देशभराचा अंदाज मांडला: एकूण ३९५ ते ६१४ अब्ज टन, त्यात बेसॉल्टचा वाटा ९७ ते ३१६ अब्ज टन. बेसॉल्टच्या आकड्यातली ही तिपटीहून मोठी तफावतच सांगते की हे कागदावरचे कमाल माप आहे. २०२२ मध्ये पवईला कार्बन पकडून वापरण्याविषयीचे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस नीती आयोगाचा धोरणविषयक अहवाल आला.

पण दख्खनचा बेसॉल्ट लहरींना दाद देत नाही. हा अनुभव वायू पुरण्याच्या कल्पनेहून जुना आहे. प्रत्येक लाव्हाथराचा मधला भाग घट्ट, वरचा भाग बुडबुड्यांनी सच्छिद्र, आणि दोन थरांच्या मध्ये अधूनमधून तांबड्या भाजक्या मातीचा पट्टा. अशा शेकडो सीमा एकाखाली एक आल्या की लहरीची बरीचशी ऊर्जा त्यांच्यातच उलटसुलट आपटत राहते. बारीक तपशील दाखवणाऱ्या उच्च वारंवारतेच्या लहरी विरतात, आणि खालून परतणारी क्षीण लहर या गोंगाटात ओळखू येत नाही. १९७० च्या दशकात राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या के. एल. कैला आणि सहकाऱ्यांनी गुहागर ते चोरोची आणि केळशी ते लोणी या दोन रेषांवर सुरुंग उडवून पृथ्वीच्या कवचाचा छेद काढला. किनाऱ्याजवळ जाड असलेला लाव्हा पूर्वेकडे पातळ होत जातो, हे त्यातून दिसले. पण लाव्ह्याखाली कमी वेगाचे गाळाचे खडक असतील तर अशा कामात वापरल्या जाणाऱ्या वक्रीभवनाच्या पद्धतीत ते जवळजवळ अदृश्यच राहतात, कारण लहर वरच्या वेगवान थरातूनच धावत सुटते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर तिथे खोदलेल्या विहिरीत ३३८ मीटर लाव्हा आणि त्याखाली गाळाचा अवघा आठ मीटरचा थर निघाला. असा पातळ थर खोदल्यावाचून कळत नाही.

मग बेसॉल्टमध्ये कोंडलेल्या वायूवर लहरींनी नजर ठेवता येईल का? आइसलंडच्या कार्बफिक्स प्रकल्पाने २०१२ मध्ये सुमारे १७५ टन कार्बन डायऑक्साइड आणि नंतर हायड्रोजन सल्फाइड मिसळलेला ७३ टन वायू पाण्यात विरघळवून ४०० ते ८०० मीटर खोल बेसॉल्टमध्ये सोडला. वायूचा बुडबुडाच नसल्याने लहरींना दिसण्याजोगे काही नव्हते. संशोधकांनी पाण्यात किरणोत्सारी कार्बनसारखे मागकाढू पदार्थ मिसळले आणि शेजारच्या निरीक्षण विहिरीतले पाणी तपासत राहिले. दोन वर्षांच्या आत ९५ टक्क्यांहून अधिक कार्बन खनिजरूप झाल्याचे २०१६ मध्ये जाहीर झाले. निरीक्षण विहिरीतला पंप मध्येच बंद पडला. वर काढून पाहिला तर त्यावर कॅल्साइटचा थर चढलेला होता. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या वालुला येथे २०१३ मध्ये ९७७ टन वायू कोलंबिया नदीच्या बेसॉल्टमध्ये दाबला गेला. तिथला पुरावाही दोन वर्षांनी विहिरीच्या भिंतीतून काढलेल्या दगडाच्या तुकड्यांतल्या कार्बोनेटच्या गाठींचा. दोन्ही ठिकाणी साक्ष रसायनाने दिली. वायूचा दगड होणे हे जिथे सर्वांत खात्रीचे, तिथेच तो झाल्याचे दुरून ऐकणे सर्वांत कठीण, असा हा तिढा आहे.

लहरींचा दुसरा उपयोग मात्र बेसॉल्टच्या प्रदेशात टाळता येण्यासारखा नाही. तो म्हणजे आपण हादरा न देता जमिनीने दिलेले हादरे ऐकणे. खडकात द्रव दाबला की भेगांमधला दाब वाढतो आणि आधीच ताणाखाली असलेली भेग सरकू शकते. अमेरिकेतल्या डेन्व्हरजवळ १९६२ मध्ये साडेतीन किलोमीटरहून खोल विहिरीत रासायनिक सांडपाणी सोडायला लागल्यावर काही आठवड्यांत धक्के सुरू झाले होते. सर्वांत मोठे धक्के १९६७ मध्ये, म्हणजे सांडपाणी बंद केल्यावर वर्षभराने आले. त्याच वर्षांत सह्याद्रीत कोयनेचे धरण भरत होते. धरणाचा शिवसागर जलाशय भरू लागताच धक्के जाणवू लागले म्हणून खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राने परिसरात भूकंपमापक बसवले, आणि १० डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेच्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त झाले. पावणेदोनशेहून अधिक माणसे दगावली. कोयनेत कोणी खडकात काही दाबले नव्हते. जलाशयाचा भार आणि भेगांत झिरपलेल्या पाण्याचा दाब पुरेसा ठरला.

कोयनेचे पुढचे संशोधन वायू पुरणाऱ्यांनी वाचण्यासारखे आहे. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या कराडच्या प्रयोगशाळेने गोठणे येथे तीन किलोमीटर खोलीची चाचणी विहीर २०१७ मध्ये पूर्ण केली. तिच्यात १,२४७ मीटर बेसॉल्टनंतर थेट ग्रॅनाइटच्या कुळातला खडक लागला. भूकंपांचे उगम याच खालच्या खडकात आहेत. पृष्ठभागावरच्या मापकांपर्यंत लहर पोचते ती वरच्या लाव्ह्यातून विस्कटत. म्हणून विहिरी खोदून मापक लाव्ह्याच्या खाली उतरवले गेले, आणि सूक्ष्म धक्क्यांच्या जागा अधिक नेमक्या ठरू लागल्या. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातल्या डीकेटर प्रकल्पात २०११ ते २०१४ दरम्यान १० लाख टन वायू वालुकाश्मात दाबला गेला, तेव्हा विहिरीतल्या मापकांनी हजारो सूक्ष्म धक्के नोंदवले. माणसांना ते जाणवलेही नाहीत, पण त्यांतले पुष्कळसे वालुकाश्मातून नव्हे, त्याखालच्या स्फटिकी खडकातून आले होते. दख्खनमध्ये असा प्रयोग झालाच तर मापक कुठे ठेवायचे, हा धडा कोयनेने आधीच गिरवून ठेवला आहे.

किनाऱ्यावर ऐकण्यात आणखी एक अडथळा येतो, तो पावसाळ्याचा. मोऱ्यापासून खाडीपलीकडे कुलाब्याची वेधशाळा आहे. तिथल्या भूकंपमापकावर मान्सूनमध्ये सतत बारीक कंप उमटत. अरबी समुद्रातल्या वादळी लाटांशी त्यांचा संबंध एस. के. बॅनर्जी यांनी १९३० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवला. उरणच्या बाजूला आता न्हावा-शेवाच्या बंदराची आणि कंटेनरवाहतुकीची भर पडली आहे. मात्र ज्या पार्श्वकंपाला गोंगाट म्हणून वगळले जाई, त्यातूनच दोन मापकांमधल्या खडकाचा वेग काढण्याची पद्धत या शतकात रूढ झाली आहे. समुद्र फुकट हादरे देत असेल तर एअरगनचा खर्च वाचतो, पण चित्र ढोबळ येते.

राहिला समोरचा समुद्र. वायू पुरायचा तर बॉम्बे हायसारखे जुने, पूर्ण माहितीचे क्षेत्र हा स्वाभाविक विचार, आणि तिथे लहरी चालतात हे १९६० च्या दशकापासून सिद्ध आहे. तरीही त्याची तुलना स्लायप्नरशी करणे फसवे आहे. उत्सिराची वाळू भुसभुशीत; चुनखडक ताठ. ताठ खडकाच्या छिद्रांतला द्रव बदलला तरी लहरीचा वेग थोडाच बदलतो. त्यात तेलक्षेत्रात आधीचा वायू शिल्लक असेल तर नव्या वायूने पडणारा फरक आणखी फिका. जवळचे उदाहरण कॅनडाच्या वेबर्न क्षेत्राचे आहे. तिथेही कार्बोनेट खडक, खोली साधारण दीड किलोमीटर आणि थर ३० मीटरच्या आसपास जाड. नॉर्थ डकोटातल्या कोळशापासून वायू बनवणाऱ्या कारखान्यातून सुमारे ३२० किलोमीटर नळाने आणलेला कार्बन डायऑक्साइड २००० पासून तेल काढण्यासाठी तिथे दाबला जाऊ लागला. पायाभूत सर्वेक्षण १९९९ मध्येच उरकले होते. २००१ आणि २००२ च्या नोंदींत आडव्या विहिरींच्या कडेने वायू पसरल्याच्या खुणा मिळाल्या. म्हणजे ताठ खडकात हे जमते, मात्र मोजमाप अतिशय काटेकोर लागते. फलाट आणि नळांची दाटी असलेल्या समुद्रात स्ट्रीमर ओढणे जिकिरीचे, म्हणून मापकांची केबल समुद्रतळावरच अंथरावी लागते. ती कायमची अंथरली तर प्रत्येक वेळी तीच जागा मिळते आणि वजाबाकी स्वच्छ येते.

भारतात प्रत्यक्ष हालचाल दिसली ती उरणऐवजी गुजरातेत. इंडियन ऑइलच्या कोयली रिफायनरीतला कार्बन डायऑक्साइड भरूच जिल्ह्यातल्या गंधार क्षेत्रात नेऊन तेल काढण्यासाठी वापरायचा, असा सामंजस्य करार तेल आयोगाचीच पुढची कंपनी असलेल्या ओएनजीसीने २०१९ मध्ये केला. तेल-वायू उत्पादन आणि सागरी अभियांत्रिकी या विषयांच्या ओएनजीसीच्या संस्था पनवेललाच आहेत. समुद्रातल्या क्षेत्राचा विचार पुढेमागे झाला, तर लहरींच्या आवाक्याबाहेरचे एक काम तिथे उरतेच. १९७४ पासून खोदलेली प्रत्येक जुनी विहीर झाकणाला पडलेले एक भोक आहे. तिच्या सिमेंटमधली फट काही मिलिमीटरची असते, आणि भूकंपीय नकाशात काही मीटरहून लहान गोष्ट सहसा उमटत नाही. त्यासाठी विहिरीत दाबमापक ठेवतात आणि समुद्रतळावरून उठणारे बुडबुडे सोनारने हुडकतात. स्लायप्नरवरही समुद्रतळाची सोनार-पाहणी झालेली आहे.